आठ करवंट्या

आबाकाका,

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि तुझ्याशी मी एकदा खोटं बोलले होते ते तू असताना कबूल करायचं राहून गेलं. कॉलेजच्या वार्षिकासाठी सरांनी आदरणीय व्यक्तीवर लिहायला सांगितलं तेव्हा मी तुझं नाव लगेच दिलं. आता कागद पुढे ओढला तर वाटतं, तुझं कौतुक लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं गाळून लिहिलं तर कौतुकही खरं राहणार नाही. म्हणून दोन्ही लिहिते. जमेल की नाही ते माहीत नाही.

वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' लिहावं, असं सर म्हणाले. तसं एक पान लिहिलं आणि फाडून टाकलं. घरात तुला मी कायम 'तू'च म्हटलं. 'तुम्ही' लिहिलं की समोर कोणीतरी कोट घातलेला माणूस बसल्यासारखा वाटतो आणि तुझ्या अंगात तर कायम ती बाह्या कापलेली खाकी बंडी.

वाचणाऱ्यांना तू कोण हे कळायला हवं. आपलं घर मालवणपासून तीन मैलांवर. तू माझ्या बाबांचा थोरला भाऊ. सोळाव्या वर्षी मुंबईला जाऊन आगबोटीवर लागलास, इंजिनाच्या खोलीत, तेलवाला म्हणून. वीस वर्षं यंत्राच्या सांध्यांना तेल घातलंस. गावी परत आलास तेव्हा डाव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. काकी म्हणायची, "पेटी आणल्यान, बिछानो आणल्यान, कान तेवढो बोटीर इसारलो." शाळा तू चौथीपर्यंत शिकलास, बाबा दुसरीपर्यंत. आपल्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली.

आणि मडम. तिच्याबद्दल लिहायलाच हवं.

मी आठवीत होते त्या वर्षी ती आली. आपल्याच बाजूच्या एका बॅरिस्टरांच्या मुलाची विलायती गाडी, मुंबईत शर्यतीत पळवलेली. तिचं इंजिन जाम झालं आणि त्याच सुमाराला मुलाचं लग्नही झालं, म्हणून त्यांनी ती गलबतात चढवून गावाकडे पाठवून दिली. मालवणच्या बंदरात उतरली आणि तिथेच वाळूत बसून राहिली. खाऱ्या वाऱ्यात तिचे लोखंडी भाग तांबडे व्हायला लागले. शेवटी बॅरिस्टरांचा निरोप आला, ज्याला हवी त्याने न्यावी. तू बाबांना न विचारता बैल सोडलेस आणि गेलास.

संध्याकाळी तू बैलांमागून आलास तेव्हा बाबा अंगणात उभे होते. हिरवी, लांब नाकाची, वर छप्पर नसलेली, दोनच माणसं बसतील अशी गाडी. नाकावर चामड्याचा पट्टा बांधलेला. बाबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "नांगराचे बैल मडमेक जुपलंस?" तेव्हापासून ती मडम झाली. बाबांनी दिलेलं हे एकच नाव तू मुकाट्याने मान्य केलंस.

तिला ठेवायला मांगर मिळाला. घरामागची ती खोप, जिथे गवत आणि नांगर ठेवायचे. गवत तू पडवीत आणून रचलंस आणि पुढचे सहा महिने काकी रोज सकाळी केर काढताना तुला ऐकू जाईल अशा बाजूने बडबडत राहिली.

मला त्या काळातला तुझा धीर आठवतो. चारही दट्टे, म्हणजे पिस्टन, सिलिंडरमध्ये गंजून चिकटले होते. हातोडा मारून ते सुटले असते, आणि फुटलेही असते. तू त्यांच्यावर रॉकेल आणि खोबरेल ओतलंस आणि वाट बघायला लागलास. रोज सकाळी दात घासण्याआधी जायचास, लाकडाचा ठोकळा ठेवून तळहाताने दाबायचास, आणि परत यायचास. किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. काकीला वाटलं तू नाद सोडलास. एका सकाळी तू चुलीपाशी येऊन बसलास आणि म्हणालास, "हललो." दट्टा कितपत हलला, विचारलं तर करंगळीचं नख दाखवलंस. चहा झाला म्हणून सांगावं अशा आवाजात सांगितलंस, आणि कप तसाच ठेवून परत मांगरात गेलास.

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं, शेवटची पानं वाळवीने खाल्लेलं. मला इंग्रजी त्याच वर्षी सुरू झालं होतं. तू ते माझ्या पुढ्यात ठेवलंस.

"वाच गो, बाये."

"माका अर्थ कळणा नाय."

"तू आवाज काढ. अर्थ माका कळतलो."

आणि खरंच कळायचा. मी अक्षर अक्षर लावून 'क्रँकशाफ्ट' म्हणायची आणि तू लगेच म्हणायचास, "हां, फुडे." आगबोटीवर हे सगळे शब्द तू कानाने शिकला होतास, मी फक्त डोळ्यांनी. आपण दोघं मिळून एक वाचणारं माणूस झालो होतो. माझं इंग्रजी वर्गात सगळ्यांत पुढे का आहे हे शाळेतल्या मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बेअरिंग नीट बसलं की नाही हे बघायला बोटीवर निळा रंग लावत. आपल्याकडे तो नव्हता. तू काकीच्या डबीतलं काजळ खोबरेलात कालवलंस, शाफ्टला पुसट लावलंस, बेअरिंगमध्ये ठेवून फिरवलंस आणि उघडलंस. काळं लागलं तेवढं उंच, तेवढंच खरवडायचं. परत लावायचं, परत फिरवायचं. काकी म्हणाली, "माझ्या डोळ्यांक नाय काजळ, आणि मडमेक होया." तू म्हणालास, "तुझे डोळे बरोबर बसलेले आसत. तिचा बसाक होया." काकी हसत आत निघून गेली. त्यानंतर मांगरात काजळ कधी कमी पडलं नाही.

इंजिन ऐकण्याची तुझी रीत कोणाला सांगितली तर खरी वाटत नाही. काकीचा डवला, करवंटीचा आणि लाकडी दांड्याचा, आमटी ढवळायचा. त्याचा दांडा इंजिनाला टेकवून दुसरं टोक दातांत धरायचास आणि डोळे मिटायचास. "कानान आयकता तो अर्धो आयकता," म्हणायचास. मी एकदा करून बघितलं. सगळी कवटी घुमली. आता पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचलं की आवाज हाडांतूनही जातो. ते वाचताना वर्गात मला हसू आलं आणि प्राध्यापकांनी उभं केलं.

आता माझी गोष्ट.

मी अकरावीत गेले त्या जूनमध्ये तू जेवताना माझ्याबद्दल बाबांना म्हणालास, "चेडू हुशार आसा. मॅट्रिक झाला की कोल्हापुराक धाड."

"थय जावन काय शिकतला? गाडये मोडूक?"

"जोडूक."

बाबांचा घास हातातच राहिला. "तीन वर्सां झाली, तुझी मडम मांगरातसून हलूक नाय. ती ज्या दिवशी आपल्या पायान कुडाळाक जावन परत येतली, त्या दिवशी हिका कोल्हापुराक धाडीन. जा."

"शब्द?"

"शब्द."

बाबांनी तो रागाने फेकलेला शब्द होता. तू तो उचलून घेतलास आणि भात मागितलास. मी वाढत होते. माझ्या हातातून भात पानाबाहेर सांडला.

त्या दिवसापासून माझं कॉलेज त्या इंजिनात अडकलं होतं. मला घाई झाली, आणि ती तुझ्या कामात बसणारी नव्हती.

इंजिनात आठ व्हॉल्व होते, चार मोठे आणि चार लहान. श्रावणभर तू एकेक व्हॉल्व त्याच्या बैठकीत घासून बसवलास, असा की दोघांमधून हवाही जाऊ नये. मग बाहेर काढून प्रत्येक वेगळ्या करवंटीत ठेवलास आणि आठ करवंट्या भिंतीला लागून ओळीने मांडल्यास. ओळ हीच तुझी खूण. कुठे नंबर नाही, काही लिहिलेलं नाही. बोटीवर तुझ्या जागेला कोणी हात लावत नसत, तसं इथेही कोणी लावणार नाही असं तू धरून चाललास. पण घरातली बाई चवथीला कशालाही हात लावते हे तुला माहीत असायला हवं होतं.

गणपती दोन दिवसांवर आले होते. तू दट्ट्यांच्या रिंगा आणायला बंदरावर गेला होतास. काकीने मला मांगर सारवायला सांगितलं. करवंट्या उचलल्याशिवाय जमीन सारवता येत नव्हती. मी आठही करवंट्यांतले व्हॉल्व एका रोवळीत ओतले. त्यांच्यावर काळपट तेल बघून मला वाटलं, सारवलेल्या जमिनीवर हे असे कसे ठेवायचे. विहिरीवर नेले आणि चिंच आणि राखेने घासले, देवाची उपकरणी घासतो तसे. मग जमीन वाळल्यावर करवंट्या होत्या तशाच ओळीत मांडल्या, मोठ्यांच्या जागी मोठे, लहानांच्या जागी लहान. तू खूश होशील असं वाटून मी पायरीवर बसून राहिले.

तू आलास आणि दारातच थांबलास.

"कोणी धुतल्यान?"

"मी."

तू वाकून एक व्हॉल्व उचललास, उजेडात धरलास. "बरे धुतलंस गो." मग तो परत ठेवत म्हणालास, "होते तसेच ठेवलंस मा?"

तू हे इतकं सहज विचारलंस आणि त्याच क्षणी मला कळलं की ती ओळ फक्त मांडणी नव्हती. मोठ्यांतला कुठला मोठा कुठे, हे मला सांगता आलं नसतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू एक सुस्कारा टाकला असतास आणि परत घासायला बसला असतास, एवढंच. पण मला कुडाळ दिसत होतं. आणखी महिनाभर उशीर दिसत होता.

"होय," मी म्हटलं.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मोठ्या माणसाने माझ्या बोलण्यावर काम चालवलं, ते पहिल्यांदाच.

पौषात एका सकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू केलंस. शेजारचे भिकाजीकाका आणि आणखी चारपाच जण बघायला आले होते. तू हँडल मारलंस. मडम खोकली, शिंकली, नाकातून धूर सोडत दोन पायांवर चालल्यासारखी थडथडली. तू डवला दातांत धरून वाकलास. भिकाजीकाका म्हणाले, "आबा, मडमेक पडसा झाला रे. काढो दी तिका." सगळे हसले. तू डवला काढलास आणि इंजिन बंद केलंस.

दुसऱ्या दिवशी तू वरचा भाग सोडवलास आणि आठही व्हॉल्व बाहेर काढलेस. एकेक दाराच्या उजेडात धरून त्याच्या कडेवरचा पट्टा बघितलास, मग त्याची बैठक बघितलीस. असं आठ वेळा. मी रॉकेलचा डबा धरून उभी होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. एखाद्याकडे न बघण्याची एवढी काळजी घेतलेली मी पुन्हा कधी पाहिली नाही.

बाबा दारात आले. "काय झाला?"

"माझा चुकला. व्हॉल्व बदाललेले. माझ्या हातान झाला."

"वीस वर्सां आगबोटीर काय बटाटे सोललंस?"

"तसाच समज," तू म्हणालास.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाबा पुढे काय म्हणतील ते मला आधीच ऐकू आलं: आठ वस्तू सांभाळता येत नाहीत आणि ही कॉलेजात जाणार. मी डबा खाली ठेवला आणि घरात गेले. आबाकाका, त्या दिवशी जेवताना बाबांनी बटाट्याची थट्टा आणखी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा तू हसलास.

माझी परीक्षा संपली तेव्हा तू मांगरात बोलावलंस. बांबूच्या काठीला रबराची वाटी बसवलेली, आणि दाणेदार लेपाची डबी.

"आठय तूच घास."

कारण सांगितलं नाहीस. काठी दोन्ही तळहातांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची, थोडी फिरवायची, उचलायची, वळवायची, परत टेकवायची. तुझ्या कानाला तो बारीक आवाज यायचा नाही, म्हणून खरखर अजून जाड आहे की मऊ झाली, हे तू समोर बसून विचारायचास.

"वाळू की पीठ?"

"वाळू."

"घास."

पहिल्या व्हॉल्वला तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशीच तळहातांना फोड आले. काकीने खोबरेल लावून चिंध्या बांधल्या आणि तुला बोलली. तू मान हलवलीस आणि काठी परत माझ्या हातात दिलीस. चौथ्या व्हॉल्वला माझे हात मला सांगायला लागले. वाळूचं पीठ होतं तो क्षण बोटांना आधी कळायचा, कानाला मग.

पाचवा चालू असताना तू आपणहून एक गोष्ट सांगितलीस. एडनच्या अलीकडे तू तेलाचा एक कॉक उघडायला विसरलास. बेअरिंग तापून वितळलं. साहेबाने विचारलं तेव्हा तू गप्प राहिलास आणि आळ तुझ्याबरोबरच्या फ्रान्सिसवर गेला. तो गोव्याकडचा. त्याला माहीत होतं कोणाचं काम ते, पण बोलला नाही. पुढच्या बंदरात त्याला उतरवलं.

"मगे तू ताका सांगलंस?" मी विचारलं.

"खंय? तो शिडयेवरना खाली गेलो, मी वर उभो. हात हलयल्यान. आजून सांगाचा ऱ्हवला." तू डबीचं झाकण लावलंस. "वाळू की पीठ?"

"पीठ," मी म्हटलं.

मला आता कळतं की तू माझ्यासाठी दार उघडून धरलं होतंस. मी उंबऱ्यापर्यंत आले आणि पुढचा व्हॉल्व मागितला.

आठवा झाला त्या दुपारी तू फणसाची एक फळी रंध्याने तासलीस. तिला ओळीने आठ भोकं पाडलीस आणि तापवलेल्या खिळ्याने प्रत्येकाखाली आकडा डागलास, एकपासून आठपर्यंत. व्हॉल्वचे दांडे त्या भोकांत उभे राहिले. फळी भिंतीला टेकवून तू लांबून बघितलीस.

"आता कोणय धुवंदे," म्हणालास. "चुकूचा नाय."

एवढंच. चुकणाऱ्याला न बोलता तू चुकायची जागाच बुजवून टाकलीस. तुला सगळं माहीत आहे हे त्या क्षणी मला कळलं. आणि तरीही मी बोलले नाही. फळी छान झाली, असं म्हणाले.

आपला एक वाद मात्र मोकळा होता, आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. व्हॉल्वच्या वरच्या टोकाला किती फट ठेवायची ते पुस्तकात दिलं होतं. मोजायची पट्टी नव्हती, म्हणून तू दाढीची जुनी ब्लेडं वापरायचास. हिशोबाने तीन ब्लेडं बसायला हवीत. तू चार बसवायचास. त्याने इंजिन टिकटिक करतं.

"पुस्तकात तीनच म्हटलंहा."

"पुस्तकात म्हणतत."

"मगे चार कित्याक?"

"ढिला बरा."

मेमध्ये, कुडाळच्या बाजाराच्या दिवशी मडम निघाली. काकीने तिच्या नाकाला कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. मी नवं परकर-पोलकं घालून तयार होते. इतक्यात बाबा टोपी घालून आले. "माका माझ्या डोळ्यान दिसाक होया. मीच बसतंय."

गाडीत दोनच जागा. तू माझ्याकडे बघितलंस. "ऱ्हव गो, बाये."

सकाळपासून दुपारपर्यंत मी अंगणात. काकीने तांदूळ निवडायला दिले, ते निवडून झाल्यावर तेच परत दिले. मडम वाटेत बंद पडली असं धरून भिकाजीकाका दोनदा कुंपणापाशी येऊन गेले. "बैल धाडूचे काय गो कसालाक?" असं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा काकीने सूप आपटलं. चारच्या सुमाराला काजूंच्या पलीकडून आधी टिकटिक ऐकू आली. इंजिनाचा आवाज नंतर. तुझ्या त्या चौथ्या ब्लेडाची टिकटिक.

मडम अंगणात येऊन थांबली. बाबांची टोपी वाऱ्याने गेली होती, केस उभे, डोळे लाल. आणि मांडीवर, दोन्ही हातांनी कवटाळलेली, निळी पत्र्याची ट्रंक. गाडीत दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती. ते उतरले, ट्रंक माझ्यापुढे ठेवली.

"लागतली मा गो तुका?" म्हणाले, आणि पाणी प्यायला घरात गेले.

तू गाडीतच बसून राहिलास, हात चाकावर. त्या वेळी तुला मी काय म्हटलं ते आठवत नाही.

कोल्हापूरला पहिल्याच वर्षी उष्णतेने धातू किती वाढतात ते शिकले. धावत खोलीवर आले आणि तुला पत्र लिहिलं, की इंजिन तापल्यावरची वाढ पुस्तकाने आधीच धरलेली आहे, तेव्हा तीनच बरोबर. मोठं चार पानी पत्र, आकृत्यांसकट. तुझं कार्ड आलं, त्यावर दोन ओळी. 'पुस्तक बरोबर आहे. पण पुस्तकाला दोन्ही कान आहेत.'

इतके दिवस मी तुझ्याशी वाद घातला आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. टिकटिक होती म्हणून तुला व्हॉल्व ऐकू येत होते. ते कार्ड माझ्या उशीखाली आहे. त्याला मी उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायला बसले असते तर त्या खोट्याबद्दलही लिहावं लागलं असतं. सुट्टीत सांगू, म्हटलं. दोन सुट्ट्या आल्या आणि गेल्या.

मग तार आली. एसटीने फोंड्याचा घाट उतरून मी पोहोचले तोवर सगळं झालं होतं. काकी चहा घेऊन मांगरात गेली तेव्हा तू स्टुलावर बसला होतास, इंजिनाला पाठ टेकून. तिला वाटलं ऐकतो आहेस.

तेराव्याची माणसं गेल्यावर मी मांगरात गेले. इंजिनाचं वरचं झाकण काढलेलं तसंच होतं. मडगार्डवर तुझी फळी, आणि तिच्या भोकांत माडाच्या हिराचे, म्हणजे खराट्याच्या काडीचे, तुकडे खोचलेले. एका व्हॉल्वची फट लावून झाली की एक हीर. सहा भोकांत हीर होते. सात आणि आठ रिकामी होती. खाली स्टुलापाशी ब्लेडं पडली होती, चार.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी वळले नाही. फळीकडे बघतच म्हटलं, "बाबा, त्या वर्सा व्हॉल्व आबाकाकान बदलूक नाय. ते मी मिसळलंय."

"म्हायत आसा."

मी वळले.

"कुडाळाक जाताना कसालच्या तिठ्यार गाडी थांबवल्यान," बाबा म्हणाले. "माका म्हटल्यान, चूक चेडवाची, माझी नाय. पण आठय व्हॉल्व तिनाच घासल्यान, हाताक फोड इले तरी सोडूक नाय. ही गाडी तिच्या हातार चलता. आता तुका शब्द मोडूचो आसलो तर हयसूनच मागे फिरवतंय."

"मगे?"

"मगे काय. मी म्हटलंय, चल बेगीन, बाजार उठतलो."

त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. मी विचारलं, इतके दिवस मला सांगितलं का नाही. बाबा म्हणाले, "तोच नको म्हणा होतो. ती आपणान सांगतली, म्हणायचो. ह्या चवथीक सांगात, नायतर फुडच्या."

म्हणजे तू वाट बघत होतास, आबाकाका. जाम झालेल्या दट्ट्यांची बघितलीस तशीच. रोज थोडं दाबून बघायचं, हातोडा मारायचा नाही.

मी पदर खोचला आणि स्टूल बाजूला केलं. बाबांना हँडल हळूहळू फिरवायला सांगितलं. सातव्या व्हॉल्वची फट उघडली. पुस्तकात तीन लिहिलं आहे आणि आता ते तीन का, हे मी कागदावर सिद्धही करू शकते. मी चार ब्लेडं घातली, स्क्रू आवळला, हीर खोचला. आठव्यालाही चार. झाकण लावलं.

बाबांनी हँडल मारलं. तिसऱ्या वेळेला मडम सुरू झाली. मांगर टिकटिकीने भरला. तुझ्या स्टुलाच्या उजव्या बाजूला, तुझ्या चांगल्या कानाच्या बाजूला उभी राहून मी म्हटलं, "आबाकाका, होते तसे ठेवूक नाय मी."